बॅटरी उतरली तो भाग

माय, परवा दुपारी ड्यूटीच्या खोलीत डबे उघडले आणि पोरींनी एक खेळ काढला. प्रत्येकीनं टीव्हीवरच्या मालिकेतला आपला सगळ्यात आवडता भाग सांगायचा. अख्खी मालिका नाही, एकच भाग, आणि तोच का, हेही सांगायचं. पोरी म्हणजे माझ्या हाताखालच्या नर्स, बीडच्या ज्या दवाखान्यात मी आता थोरली सिस्टर म्हणून मिरवते तिथल्या. एकीनं लग्नाचा भाग सांगितला, कारण नवरीचा शालू. दुसरीनं पोलिसांच्या मालिकेतला, पाण्याच्या टाकीत प्रेत सापडतं तो, कारण त्या दिवसापासून तिच्या घरात महिनाभर कुणी टाकीचं पाणी तोंडाला लावलं नाही. हसून हसून एकीला ठसका लागला. मग मला विचारलं. मी म्हटलं, मी टीव्ही पाहत नाही, जेवा मुकाट्यानं. त्यांना वाटलं, सिस्टर नेहमीसारखी खेकसली. खरी गोष्ट वेगळी होती. माझाही एक आवडता भाग आहे, पण तो कुणीच पाहिलेला नाही. मीही नाही आणि तूही नाही.

त्याच सकाळी एक बाई आली होती. कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली, बरगडी मोडलेली. मोरीत पाय घसरला म्हणाली. मोरीत घसरलेल्या बाईचा कान असा फाटतो कसा, हे मी आता विचारत नाही. विचारलं की त्या दाराकडं बघतात, आणि दारात तो उभा असतो, हातात केळ्यांची पिशवी घेऊन, अगदी काळजीत असल्यासारखा. डॉक्टर टाके घालतात, मी डोकं धरून ठेवते. इतकी वर्षं बायकांची डोकी धरली, पण प्रत्येक वेळी हाताला तुझंच डोकं लागतं. म्हणून हे लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, आणि काविळीनं पिवळ्या पडलेल्या तुझ्याशी मी नुसतं औषधाचं बोलत राहिले. जे बोलायचं होतं ते राहून गेलं.

आपलं घर दिंद्रुडच्या अलीकडच्या त्या वस्तीत, गल्लीच्या तोंडाशी. पुढं मोकळं अंगण आणि अंगणात ट्रॅक्टर. ट्रॅक्टर मालकाचा, चालवायचे आबा. तुझा नवरा आणि माझा बाप. मारणाऱ्यालाही आपण अहो-जाहोच करत आलो, आता पत्रात तरी सवय मोडावी म्हटलं तर मोडत नाही. संध्याकाळी लाईट जायची आणि गाव अंधारात बसायचं. मग आबा ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात आणायचे, तिला चिमटे लावायचे आणि आपला छोटा काळापांढरा टीव्ही सुरू व्हायचा. त्या वेळात अख्ख्या वस्तीत चालणारा टीव्ही तो एकच, आणि त्याचा आबांना केवढा रुबाब. स्वतः मात्र ते चिमटे लावून मारुतीच्या पारावर निघून जायचे. जाताना बजावून जायचे की शेजारच्या बायकांना घरात घ्यायचं नाही. गर्दी झाली की बॅटरी लवकर उतरते, असं त्यांचं शास्त्र होतं. एवढं मोठं शास्त्र मला पुढं नर्सिंगमध्येही कुणी शिकवलं नाही.

तर टीव्ही पाहायच्या आपण दोघीच, आणि ऐकायची मात्र सगळी वस्ती. सकाळी मालकाच्या रानात कापूस वेचायला तुम्ही एकेक पात, म्हणजे वेचायची ओळ, धरून उभ्या राहिलात की कुणीतरी विचारायचंच, काल काय झालं गं. मग तू सांगायला लागायचीस. एका मोठ्या शहरातला बंगला, त्यातली सून, तिचा कारखानदार नवरा, जिन्यावर उभी राहून सगळ्यांवर नजर ठेवणारी सासू. ऐकता यावं म्हणून बायका आपली पात तुझ्या पातीच्या बरोबरीनं चालवायच्या. मागं पडलेली ओरडायची की थांबा, माझं ऐकायचं राहिलं. पुढं गेलेली तिथंच बोंडं चिवडत उभी राहायची. मुकादम म्हणायचा, ही बाई नसली की वेचणी दुप्पट होईल. रविवारी मी यायचे आणि तुझ्या ओटीत कापूस टाकत ऐकायचे. जे मी काल डोळ्यांनी पाहिलेलं असायचं तेच तुझ्या तोंडून जास्त खरं वाटायचं.

आता तो भाग. सुनेनं सासरच्यांना न विचारता आजारी भावाला भेटायला जायचं ठरवलेलं असतं. नवरा येतो, खोलीचं दार लावतो, पॅन्टचा पट्टा काढतो. ती भिंतीला टेकते. त्याचा हात वर जातो, पट्टा हवेत, आणि आपल्या टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आत ओढलं गेलं, मधे एक पांढरा ठिपका राहिला आणि तोही गेला. बॅटरी उतरली. तू टीव्हीवर थाप मारलीस, चिमटे हलवून पाहिलेस. काही झालं नाही. आपण दोघी तिथंच अंधारात बसलो, त्या वर गेलेल्या हाताखाली. मला अजून वाटतं की त्या अंधारात आपल्याला मालिकेची काळजी नव्हतीच. उद्या सकाळी ट्रॅक्टर चालू होणार नाही, ही काळजी होती.

आणि तो झाला नाही. मालक स्वतः आला होता, नांगरट काढायची होती. आबांनी चावी फिरवली, इंजिन नुसतं कण्हलं आणि गप्प झालं. मालकानं भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, आबांच्या आईवरून शिव्या दिल्या. आबा मान खाली घालून उभे. मी पहिल्यांदाच त्यांना कुणापुढं इतकं लहान झालेलं पाहिलं, आणि मला कीव आली, आणि पाठोपाठ भीती वाटली, कारण ते लहानपण आता कुणाच्या पाठीवर उतरणार हे मला कळत होतं. ते घरात आले. खिळ्याला ट्रॅक्टरचा जुना फॅनबेल्ट टांगलेला असायचा, रबराचा, कडा दातेरी झालेला. तो काढला. तू चुलीपुढं बसली होतीस. पहिला फटका पाठीवर बसतो, तू वळतेस, म्हणून पुढचा डोळ्यावर. ते शिव्या तुला देतात, पण शिव्या मालकाच्याच असतात, त्याच क्रमानं. आणि माय, मार खाताखाता तू हात लांबवून तव्यावरची भाकरी उलथतेस. करपली असती तर तिचा मार वेगळा होता. मी कोपऱ्यात परकराचं टोक चावत उभी होते. ती भाकरी तू नंतर मला दिलीस आणि मी ती खाल्ली, कारण भूक लागली होती.

रविवार होता म्हणून मीही रानात आले. तुझा डोळा मिटून गेलेला, वरून निळा, खालून काळा. बायकांनी पाहिलं आणि कुणी काही बोललं नाही. असल्या डोळ्यावर काही बोलायचं नसतं, तो प्रत्येकीचा कधी ना कधी झालेला असतो. मग आपल्या समोरच्या घरातली काकू म्हणाली, काल काय झालं ते तरी सांग. काकू तेव्हा अंगानं एवढीशी, हसरी, आणि तिचा नवरा तर आबांच्या वरचा. तिला जेवताना मारायचा, ताटावरून उठवून. तू सांगायला लागलीस. भाऊ, दार, पट्टा, भिंत, वर गेलेला हात. आणि थांबलीस. मला माहीत होतं की पुढं काही नाही, पुढं अंधार आहे. मला वाटलं, आता तू सांगशील बॅटरी उतरली म्हणून. तू ओटी सावरलीस आणि एका डोळ्यानं सरळ समोर बघत म्हणालीस, "तिनं पट्टा धरला."

एकजात सगळ्या पाती थांबल्या. तू घाई केली नाहीस. पट्टा कसा धरला, तळहाताला कसा काचला, त्यानं कसा हिसका दिला, तिच्या बांगड्या कशा फुटल्या, सगळं सांगितलंस. मग त्या बंगल्यातली सून आपल्या वस्तीच्या भाषेत बोलली, "आज सोडत न्हाई. हात मोडला तरी न्हाई." सगळ्यांत म्हातारी होती ती आजी म्हणाली, आन् त्यो? तू म्हणालीस, त्यो काय, दमला, सोडून बसला खाली. काकूनं हळूच विचारलं, "टीव्हीवर दावलं असं?" तू म्हणालीस, "मंग काय मी माझ्या मनानं सांगू?" आणि माझ्याकडं पाहिलंस. मी कापूस वेचायला लागले.

त्याच दिवशी दिवेलागणीला काकूच्या घरातून आवाज आला. आधी ताट आपटल्याचा, तो रोजचा. मग एक वेगळाच, ओली फांदी पिळून मोडावी तसा. तो आवाज मी पुढं फार ऐकला, हाड जाताना तसाच येतो. काकूनं नवऱ्याचं मनगट धरलं होतं आणि सोडलं नव्हतं. त्यानं तिचा हात पिळून मोडला, तरी सोडलं नाही. दुसऱ्या हाताला पाट्यावरचा वरवंटा लागला, तो तिनं त्याच्या तोंडावर घातला. तो गल्लीत आला तेव्हा त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि तो पुढचे दात हातात घेऊन त्यांच्याकडं बघत होता. सासूनं काकूला विचारलं की हे तुला कुणी शिकवलं. काकू लोंबता हात पोटाशी धरून उभी, पांढरीफटक, आणि निष्पापपणे म्हणते की टीव्हीवर दाखवलं.

मग सगळे आपल्या अंगणात. काकूचा नवरा, त्याची आई, भावकीतले चारसहा बाप्ये. नवऱ्याच्या तोंडात फडकं कोंबलेलं, बोलत होता तो त्याचा चुलतभाऊ. आबांना म्हणाला, "तुझ्या बायकोनं नासवल्या बे आमच्या बायका." आबा आधीच सकाळच्या अपमानानं पेटलेले. ते म्हणाले, "काल आमची बॅटरी उतरलीती. कुठला टीव्ही आन् काय." सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सकाळचा न चालू झालेला ट्रॅक्टर होताच. काकूची सासू पुढं आली. ती म्हणाली की हे खोटं निघालं तर सून आजच्या आज माहेरी टाकून येते, मोडक्या हातासकट, आणि पोरं इथंच ठेवते. मागून कुणीतरी म्हणालं की खोटं सांगणारीची जीभ डागली पाहिजे. चेष्टेनं नाही म्हणालं. आपली चूल पेटलेलीच होती.

तू उंबऱ्यात उभी. तू म्हणालीस की दाखवलं. आबांनी माझ्याकडं बोट केलं, ही होती ना घरात, ही सांगंल. मला आठवतं, मी तुझ्याकडं पाहिलं नाही. तुझ्याकडं पाहिलं असतं तर त्यांना कळलं असतं. मी अंगणातल्या त्या माणसाच्या हातातल्या दातांकडं बघत म्हणाले, "दावलं. म्यां पाह्यलं." आबा एक पाऊल पुढं आले. आणि तेवढ्यात ती म्हातारी आजी काठी टेकत अंगणात आली आणि म्हणाली, "म्यां बी पाह्यलं. हितं उंबऱ्यापाशी बसलते."

त्यानंतर जे झालं ते माझ्या जन्मात मी पुन्हा पाहिलं नाही. गल्लीतल्या बायका एकेक करून घरातून बाहेर आल्या. एक म्हणाली की मी कणगीला टेकून बसले होते. दुसरी म्हणाली, मी हिच्या मागं, हिच्या डोक्यामुळं मला निम्मंच दिसलं. तिसरी म्हणाली की मी शेंगा आणल्या होत्या, टरफलं पडली असतील बघा चुलीपाशी. आपल्या त्या एवढ्याशा खोलीत त्यांनी सगळी वस्ती बसवली. आबांनी विचारलं, बॅटरी उतरली त्याचं काय. आजी म्हणाली, "भाग सरला आन् मंग उतरली. एवढ्या बाया बसल्यावर उतरंल न्हाई तर काय." आबांचंच शास्त्र तिनं आबांच्या गळ्यात घातलं. पारावरून घरी येताना त्यांना गल्लीत एकही बाई भेटली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. पण तसं म्हणायचं तर सगळ्या गल्लीला खोटं पाडावं लागणार होतं, आणि सगळ्या गल्लीच्या हातात तेव्हा काही ना काही होतं. कुणाच्या विळा, कुणाच्या फुंकणी, कुणाच्या नुसती ओली चुंबळ.

ते लोक गेले. काकूला जीपमध्ये घालून माजलगावच्या दवाखान्यात नेलं. आबांनी आत येऊन दाराला कडी घातली आणि खिळ्यावरचा पट्टा काढला. त्यांना सगळं माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. म्हणाले, "किती बाया बसल्यात्या गं?" आणि हात वर गेला. माय, तू पट्टा धरलास. ते हिसका देतात, तू त्यांच्याबरोबर ओढली जातेस आणि तरी धरून राहतेस. दातेरी कड तुझ्या तळहातात शिरते, मनगटावरून रक्त कोपरापर्यंत येतं. तू सुनेचं ते वाक्य म्हणत नाहीस. तू काहीच म्हणत नाहीस. चुलीवर वरण उतू जातं आणि जाळ विझत येतो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. आधी त्यांनी सोडला.

ते बाहेर गेले, ट्रॅक्टरची टॉमी, ती लोखंडी कांब, घेऊन आले आणि त्यांनी टीव्ही फोडला. काच फुटताना केवढा आवाज झाला. मग टॉमीनं त्याची पेटी, आतल्या तारा, सगळं ठेचत राहिले, घामाघूम होईपर्यंत, जणू त्यात कुणी लपून बसलं होतं. एक काच माझ्या टाचेत गेली, तो वण अजून आहे. पुढं त्यांनी तुला मारलं नाही, असं मी लिहिणार नाही. मारलं. हातानं मारलं, लाथेनं मारलं. पण तो पट्टा परत खिळ्याला लागला नाही, आणि आपल्या घरातून आवाज आला की समोरची दारं उघडायची आणि बायका आपापल्या दारात उभ्या राहायच्या, काही न बोलता. मग आबांचा आवाज खाली यायचा.

आणि टीव्ही फुटल्यावर दुसऱ्याच दिवशी रानात आजीनं तुला विचारलं, काल काय झालं गं. टीव्ही फुटल्याचा आवाज सगळ्या वस्तीनं ऐकला होता. तू सांगायला लागलीस. त्या वेचणीभर मालिका चालली, माय, टीव्हीवर नाही, कापसात. त्यातले माझे आवडते भाग आजही मला पाठ आहेत. सासूला कपाटात कोंडलं तो. सुनेनं चुलीतलं जळतं लाकूड घेऊन नवऱ्याला जिन्यावरून खाली पिटाळलं तो. तेव्हा एकीनं हटकलं की अगं, तिच्याकडं गॅस होता, चूल कुठून आली, आणि तू न अडखळता म्हणालीस की गॅस संपला. दिराचा विहिरीत ढकलून खून झाला तो भाग तर तू दोन दिवस पुरवलास आणि बायका मधल्या सुट्टीत भाकरी खाताना त्याचं प्रेत वर काढायचं की नाही यावर भांडल्या. शहरातल्या बंगल्यात विहीर आली, विळा आला, बैल आला, कुणाला खटकलं नाही. का आवडतात हे भाग, तर त्यात मार होता पण तो आपण देत होतो, म्हणून. वेचता वेचता बायकांचे हात बोंडं अशी उपटायचे की मुकादमही गप्प बसला.

पण सगळ्यांत आवडता शेवटचा. वेचणी सरत आली होती, मालिका संपवणं भाग होतं. बायकांना वाटत होतं, आता नवऱ्याचा मुडदा पडणार. काकूही आली होती, गळ्यात झोळी बांधून, नुसतं ऐकायला. तू म्हणालीस, त्या दिवशी काही झालं नाही. तिनं भाकरी खाल्ली, हात धुतले आणि झोपली. दाराची कडी न लावता झोपली. आजी म्हणाली, बस? तू म्हणालीस, बस. काकू रडत होती, झोळीतल्या हातावर टिपं पडत होती. तिचा हात वाकडाच जुळला. तुझ्या खोट्यानं मोडला तो, हे मी कधीच विसरू शकले नाही. हाडं मोडलेल्या बायका समोर आल्या की मनात येतं, तू गप्प बसली असतीस तर तिचा हात सरळ राहिला असता. आणि मग वाटतं, सरळ हातानं ती आणखी किती वर्षं ताटावरून उठली असती.

परवाच्या खेळानंतर मी पोरींना सहज म्हणून त्या मालिकेचं नाव आणि पट्ट्याचा तो भाग सांगितला. पोरी कसल्या बिलंदर, त्यांनी तो फोनवर शोधून दिला. जुनं सगळं मिळतं म्हणे आता. त्याच रात्री मी घरी एकटी बसून तो भाग लावला. भाऊ, दार, पट्टा, भिंत. हात वर गेला आणि या वेळी चित्र गेलं नाही. त्यानं मारलं. तिनं त्याचे पाय धरले, चुकलं माझं म्हणाली, त्यानं तिला उठवलं, डोळे पुसले, बासरी वाजली आणि पुढं घरात सत्यनारायण. आबांनी टीव्ही फोडला ते बरोबर केलं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. टॉमी हाताशी असती तर मीही फोन ठेचला असता.

आणि काल काकू आली. तिचा मुलगा घेऊन आला, खुब्याचं हाड मोडलंय. अंगणात पडली, आणि ती खरंच पडली. नवरा मागंच वारला. बायकांच्या वॉर्डात त्या कान फाटलेल्या बाईच्या शेजारची खाट तिला मिळाली. दुपारी मी नाडी बघायला गेले तर मनगट धरून बसली, त्या वाकड्या हातानंच. म्हणाली, "तुमच्या फोनमदी जुनं सगळं दिसतं म्हणं. तुझ्या मायनं सांगितलेला त्यो भाग दाव की. मला एकदा पाहायचाय." तिनं त्या भागासाठी हात दिला होता. नाही म्हणावं तर मुलगा शोधून दाखवेल, पोरींना तर तो ठाऊकच झालाय. शेजारची बाई कुशीवर वळून ऐकत होती, कानाला पट्टी, डोळे दाराकडं.

मी भाग लावला आणि फोन काकूच्या डोळ्यांपुढं धरला. पलीकडच्या खाटांवरच्या दोघी-तिघींनी माना उंचावल्या. काकू एकटक बघत होती. भिंत आली, पट्टा आला, हात वर गेला, आणि मी बाजूचं बटण दाबलं. पडदा काळा. मी म्हटलं, बॅटरी उतरली गं काकू. काकूनं फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग तोंडात राहिलेल्या दोन दातांनी हसली आणि म्हणाली, "तुमच्या घरची बॅटरी तिथंच उतरती गं नेहमी."

तिला माहीत होतं, माय. कधीपासून, ते मी विचारलं नाही. तुझ्या तोंडाकडं बघून रानातच कळलं असेल, बॅटरीचं तर सकाळी सगळ्या गल्लीला कळलं होतं. म्हणजे तिनं ते टीव्हीचं ऐकून केलं नव्हतं. तुझं ऐकून केलं होतं. एवढ्यात शेजारच्या बाईनं विचारलं, पुढं काय झालं. काकू तिच्याकडं वळली, खुब्यातून कळ आली तरी वळली, आणि सांगायला लागली. तिनं पट्टा धरला. त्यानं हिसका दिला. आणि तुझ्यात नव्हतं ते तिनं घातलं, "हात मोडला तिचा. लई दुखतं, खोटं न्हाई सांगत. पर एकटीनं धरू नगं, आधी दार उघडं ठिव आन् गल्लीला हाक मार." त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, सिस्टर, खरंच असं दाखवलं? ड्यूटीवर मी गावची भाषा कधी बोलत नाही. पोरी दारात उभ्या होत्या, ज्यांनी मला तो भाग शोधून दिला होता त्याच. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"दावलं," मी म्हणाले. "म्यां पाह्यलं."

हा कागद मी आता उशाखाली ठेवते, तुला पाठवायचा कुठं. एकच सांगायचं राहिलं. फोन मी काल सकाळीच भरून घेतला होता, माय. बॅटरी पुरती भरलेली होती.